जड हाडं

"सर, तुम्हाला येतं का पोहता?"

मागच्या रांगेतल्या पोराने प्रश्न विचारला आणि पडद्याआड ज्वारी निसत बसलेल्या भागीरथाबाईचा हात सुपातच थांबला. आता पुढे काय येणार हे तिला पाठ होतं. दर वर्षी या शब्दापाशी कोणीतरी हेच विचारायचं, आणि दर वर्षी तिचा मुलगा तीच गोष्ट सांगायचा.

अकोल्याच्या जठारपेठेत एका तेलाच्या दुकानामागे देवराव वानखडे मास्तरांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. पुढच्या खोलीत संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी चाले. मागच्या खोलीत चूल, मास्तरांची बायको इंदूबाई, मुलगी सत्यवती आणि आई भागीरथाबाई. मधे दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता, आणि पडद्यामागे कान होते. भागीरथाबाईला अक्षरओळख नव्हती, पण पडद्याआडून ऐकून ऐकून तिच्या गाठी पन्नासेक इंग्रजी शब्द जमले होते. भाजीवालीशी भाव करताना ती मधूनच एखादा फेकायची आणि भाजीवाली बिचारी जुडी वाढवून द्यायची.

त्या दिवशी गाडी ‘स्विम’वर आली होती. दुसऱ्या मास्तरांनी ‘स्विम म्हणजे पोहणे’ म्हणून खडू खाली ठेवला असता. वानखडे मास्तरांचं तसं नव्हतं. शब्द समोर आला की ते पाहुण्याला विचारावं तशी त्याची चौकशी करायचे.

"पोहणे हा झाला एक अर्थ," ते सांगत होते. "पण शब्द काय एकाच अर्थावर संसार करतो? जुन्या काळी लाकडाचा ओंडका पाण्यावर तरंगत राहिला तरी इंग्रज म्हणायचा, हा स्विम करतोय. हातपाय मारायची गरज नाही. बुडला नाही म्हणजे झालं. डोळे पाण्याने भरून आले तरी तेच. चक्कर आली, डोकं गरगरलं, तरीही तोच शब्द. आता हा चक्करवाला अर्थ घरचाच की दुसऱ्या घरून आलेला, यावर पंडितांचं एकमत नाही. त्यांना भांडू द्या. कूळ म्हणाल तर अगदी जुनं. इंग्रजीत कितीतरी शब्द लॅटिनकडून, फ्रेंचांकडून आलेले. हा त्यातला नाही. हा त्यांच्या घरचा. जर्मनांकडे याचा भाऊ नांदतो, डचांकडे चुलतभाऊ. हजार वर्षांमागच्या पोथ्यांतसुद्धा हा सापडतो."

शब्दांचं कूळ काढायची ही चट त्यांना अमरावतीला कॉलेजात लागली. खानावळीत पहिल्याच दिवशी शेजारच्याने "कोणत्या गावचे?" विचारलं, मग "गावात कोणीकडले?" विचारलं, आणि देवरावांचा घास घशातच राहिला. त्या दुपारी ते वाचनालयात जाऊन बसले, आणि तिथे त्यांना तो उशीएवढा जाड शब्दकोश सापडला. त्यात प्रत्येक शब्दाला त्याचं मूळ विचारलेलं होतं आणि प्रत्येक शब्दाने ते खुशाल सांगितलं होतं. सांगितलं म्हणून कोणी त्याचं ताट उचलून वेगळं मांडलं नव्हतं. देवरावांना हे फार आवडलं. तेव्हापासून ते शब्दांचेच झाले.

"सांगा ना सर, येतं का तुम्हाला?" पोरगं सोडायला तयार नव्हतं.

मास्तर हसले. "छे रे. आमची हाडं जड. आमच्या घराण्यात कोणीच कधी पोहलं नाही. पण एक गोष्ट सांगतो. मी सात वर्षांचा होतो. मामाच्या गावी पूर्णेवर गेलो आणि डोहात गेलो बुडून. माझ्या आईला पोहता येत नाही. काठावर चिटपाखरू नव्हतं. पण ती माउली विचार करत उभी राहिली नाही. तशीच पाण्यात घुसली. मला अजून आठवतो, डोक्यावर तिचा हात. त्या हाताने तिने मला ओढून काढलं. म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. पोहता येणाऱ्याने उडी मारण्यात काय मोठेपणा? न येणाऱ्याने मारली, तर तिला आई म्हणतात."

मग पडदा जरासा हलला आणि त्या पोराचं डोकं आत आलं. त्याला ती आई पाहायची होती. भागीरथाबाईने मान वर केली नाही. ती सुपातले खडे वेचत राहिली, आणि वेचलेले खडे पुन्हा सुपातच टाकत राहिली.

"आत्याबाई, काय करून राह्यल्या तुमी?" इंदूबाईने विचारलं. "खडे परत ज्वारीतच टाकून राह्यल्या."

"नजर काम देत नाई माई," भागीरथाबाई म्हणाली. नजर तिची चांगली शाबूत होती.

मुलाने सांगितलेल्या गोष्टीतला हात खरा होता, डोहही खरा होता. बाकीचं सगळं तिनेच लपवलं होतं, आणि ते आज तीस वर्षं तिच्या जिभेखाली होतं.

भागीरथाचं माहेर पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींचं पाणी मचूळ, त्यामुळे सगळा गाव नदीवर. नदी कोणाकोणाला अडवणार? वरच्या अंगाला एकांचा घाट, खालच्या अंगाला दुसऱ्यांचा, आणि त्याहून खाली म्हशींचा. भागीरथा लहानपणी लोकांच्या म्हशी राखायची. म्हैस एकदा डोहात बसली की हाका मारून बाहेर येत नाही, तिला आणायला आत जावं लागतं. म्हशीचं शेपूट धरून ती पोर आत जायला लागली, आणि एका उन्हाळ्यात शेपूट कधी सुटलं ते तिचं तिलाही कळलं नाही. कोणी हटकलं नाही. म्हशी वेळेवर घरी आल्या म्हणजे मालकांना पुरे. तिला सगळ्यात आवडायचं ते उताणं पडणं. कान पाण्यात, वर नुसतं आभाळ, आणि गावातला एकही शब्द ऐकू येत नाही.

मग लग्न होऊन ती बाळापूरकडच्या एका गावात आली. तिथे नदी नव्हती, नाला होता, आणि तोही दिवाळीपर्यंतच. पाणी होतं ते खुशालराव पाटलांच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीत. त्या विहिरीत उन्हाळाभर गावातली पोरं धपाधप उड्या मारायची. त्यांच्या पाठीला जे वाळलेले भोपळे बांधलेले असायचे, ते भागीरथाच्या घरचे. नवरा श्रावण पटकीच्या साथीत गेल्यावर तिने झोपडीवर कडू भोपळ्याचा वेल चढवला होता. भोपळे वाळवायचे, बी हलवून काढायचं, तोंड लाखेने बंद करायचं आणि पाटलाच्या वाड्याच्या दारात नेऊन ठेवायचे. वाळक्या भोपळ्याला विटाळ नसतो. तो खुशाल विहिरीत उतरायचा. ज्याने त्यातलं बी काढलं तो देवराव मात्र मळ्याच्या बांधावर बसून पोरांच्या कपड्यांची राखण करायचा.

एका उन्हाळ्यात त्यांच्याच वस्तीतला देवमन भरदुपारी, मळ्यात कोणी नाही असं पाहून, त्या पायऱ्या उतरला. नुसता गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला होता म्हणतात. सापडला. त्याला एवढं मारलं की त्याचा पाय पुढे जन्मभर सरळ पडला नाही. मग दोन मोटा लावून विहीर उपसली, आणि उपसण्याच्या बैलांची वैरणसुद्धा वस्तीकडून घेतली.

एवढं होऊनही पाटलाचा मुलगा चंद्रभान, देवरावाच्याच वयाचा, मनाने साधा पोरगा, एक दिवस बांधावर येऊन देवरावाला म्हणाला, "माहा बाप बाजाराले जाणार हाये. तू ये. मी शिकवतो तुले." त्या पोराच्या मनात पाप नव्हतं. तीच भीती होती. भागीरथाने आपल्या मुलाचे डोळे पाहिले आणि ओळखलं की हा जाणार. सांगून ऐकणार नाही, मारून ऐकणार नाही. सात वर्षांच्या पोराला पाणी बोलावतं तेव्हा आईचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

ती त्याला घेऊन दुसऱ्याच दिवशी माहेरी गेली. पूर्णेच्या डोहात त्याला छातीएवढ्या पाण्यात नेलं. पोरगं आनंदाने खिदळत होतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दाबला. तो धडपडला, तिच्या हाताला नखं लागली. तरी तिने हात काढला नाही. नाकातोंडात पाणी जाऊन तो निळा पडायला लागला तेव्हा काढला, आणि वर ओढून काठावर पालथा घातला. पोटातलं पाणी निघालं, रडं निघालं, तेव्हा त्याला पोटाशी धरून तिने ती गोष्ट सांगितली.

"आपल्या लोकायचे हाडं जड असतात, बाबू. आपुन गोट्यावानी बुडतो. ते पाटलाचे पोट्टे वायल्या, हलक्या हाडाचे. आपुन पाण्यात जाचं नसते."

पोराने विचारलं, "मंग तू कशी आली आतमंधी?"

आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुह्यासाठी आलो."

पोराने दोन्ही गोष्टी गाठीला बांधल्या. आपल्याला पाण्यात नेलं कोणी, हे त्या भीतीत पुसलं गेलं. विहिरीकडे तो पुन्हा कधी गेला नाही. नाल्याला गुडघाभर पाणी असलं तरी वळसा घालून पुलावरून जायचा. देवमन लंगडत होता, देवराव धडधाकट शाळेत जात होता. भागीरथाने मनाशी म्हटलं, जमलं.

जमलं खरं. पण औषध कधी थांबवायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पोरगा शिकला, बी.ए. झाला, मास्तर झाला. छप्पन्न साली सगळे नागपूरला जाऊन आले. परत आल्यावर देवरावाने घरातले देव टोपलीत भरले आणि नाल्यात सोडून दिले. दर रविवारी तो विहारात उभा राहून लोकांना सांगायचा, ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका, मूळ शोधा. भागीरथा समोर बसून ऐकायची. त्या टोपलीत सगळे देव गेले होते. जड हाडांची गोष्ट तेवढी राहून गेली होती, कारण ती देवाने नाही, आईने सांगितली होती. त्या वेळीच सांगून टाकायचं होतं. तिचं तोंड उघडलं नाही. मुलाने तिला भरसभेत ‘माझी आई’ म्हणून ज्या ओट्यावर बसवून ठेवलं होतं, तिथून उतरायला पायरीच नव्हती.

आता चौसष्ट साल होतं. शिकवणीची पोरं घरी गेली. सत्यवती शाळेतून बातमी घेऊन आलेलीच होती. पोरं कधी जातात याची ती वाट पाहत होती.

"बाबा, आमच्या बाई सुट्टीत मुलींना अमरावतीले नेणार हायेत. महिनाभर. लेझीम, लाठी, आन् पोवणं. तलाव हाये म्हने तिथीसा, बांधलेला. मी जाऊ?"

"जाय," मास्तर म्हणाले. "लेझीम कर, लाठी कर. पोवणं नोको."

"काहून?"

"सांगितलं ना. आपले हाडं जड." ते हसतच म्हणाले. पण भागीरथाने पाहिलं, पोरीने ‘तलाव’ म्हटल्याबरोबर त्यांच्या हातातला पाण्याने भरलेला गंज कलला आणि पाणी धोतरावर सांडलं. ज्या माणसाला हजार वर्षांमागचं मूळ सापडत होतं, त्याने या एका वाक्याचं मूळ कधी शोधलं नव्हतं. घरात चुलीपाशीच तर बसलं होतं ते.

पोरगी हिरमुसून आजीच्या पांघरुणात शिरली. "आजी, खरंच असतात का वं आपले हाडं जड?"

बस, एवढंच तर हवं होतं. पोरीने दार उघडून दिलं होतं. नाही म्हणायला किती वेळ लागतो?

"हो," भागीरथा म्हणाली.

पोरगी आपल्याच मनगटाकडे पाहत राहिली. बोटांनी दाबून पाहत राहिली. म्हातारीचं काळीज तिथे फाटलं. मुलाला बुडवलं तेव्हा निदान देवमनचा पाय डोळ्यांसमोर होता. या पोरीला कोणत्या विहिरीपासून वाचवत होती ती? ही शहरातली पोर, हिला बाई स्वतः हात धरून तलावात उतरवायला तयार होत्या. आता अडवणारं कोणी नव्हतं, एक तिचा ‘हो’ सोडला तर.

भागीरथाने त्या आठवड्यात दोनदा मुलासमोर तोंड उघडलं. एकदा तो म्हणाला, "काय माय, पाय दुखून राह्यले का?" आणि पाय चेपायला बसला. पाय चेपणाऱ्याला काय सांगणार? दुसऱ्यांदा शब्द तोंडापर्यंत आले आणि ती ताक मागून मोकळी झाली. तेव्हा तिला कळलं की हे आपल्याकडून सांगून होणार नाही. दाखवावंच लागेल.

मग माहेराहून निरोप आला. तिच्या भावाला नातू झाला होता, धर्मपाल नाव ठेवायचं होतं, नामकरणाला बोलावलं होतं. इंदूबाईची आई आजारी, ती तिकडे गेलेली. मास्तर, आई आणि मुलगी असे तिघे निघाले. भागीरथाने पिशवीत एक लुगडं जास्तीचं घातलं.

नामकरण झालं, पंचशील झालं, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा म्हणाली, "मी नदीवर जाऊन येतो. सत्तीलेही नेतो."

"मीही येतो," मास्तर लगेच म्हणाले. पोरीला नदीवर एकटं सोडणं त्यांना शक्यच नव्हतं. भागीरथाला ते माहीत होतं. तिने त्यावरच बेत आखला होता.

वैशाखातली पूर्णा. पात्र सगळं वाळूचं, वाळूत डांगरवाड्या लागलेल्या, टरबुजांचे वेल पसरलेले. पाणी काठाकाठाने सरकणारं. पण दरडीखाली तो डोह तसाच होता, हिरवा, गप्प. मास्तर त्याच्यापासून बरेच अलीकडे थांबले. डोक्यावर छत्री, पायांत जोडा. पोरीचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं.

"पाय इथीसाच धुवा," ते म्हणाले.

भागीरथाने पिशवी नातीच्या हातात दिली. लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला आणि चालू लागली. घोटे बुडाले, गुडघे बुडाले.

"माय, पुढं जाऊ नोको. तिथीसा डोह हाये."

"मले माईत हाये."

"माय!"

पाणी कमरेला लागलं तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. बुडायची नव्हे. विसरून गेलो असलो तर, याची. आणि मग पाय टेकायचे संपले. एक क्षण सगळं अंग दगडासारखं खाली गेलं, आणि तिला वाटलं, झालं, आपलीच गोष्ट आपल्याला लागू झाली. मग हात आपोआप फाकले. पाय हलले. डोकं वर आलं. म्हशींनी शिकवलेलं अंग कुठे गेलेलं नव्हतं. दोन हात मारून ती डोहाच्या मधोमध गेली आणि तिथे उताणी झाली. कानांत पाणी गेलं. वर आभाळ होतं, पांढरं, उन्हाने भाजलेलं. लुगडं अंगाभोवती फुगून राहिलं होतं. हातपाय न हलवता ती नुसती वर राहिली.

किती वर्षं तिने या क्षणाची वाट पाहिली होती. तिला वाटलं होतं, आनंद होईल. तिने मान वळवून काठाकडे पाहिलं.

छत्री उलटी पडून वाऱ्याने वाळूत घसरत चालली होती. मास्तर पाण्यात होते. जोड्यासकट, धोतरासकट, गुडघ्याएवढ्या पाण्यात. आई बुडाली असं समजून ते धावत आले होते, आणि गुडघ्यापाशी त्यांचे पाय थांबले होते. पुढे जायचं होतं. सगळं अंग पुढे झुकलं होतं, हात पुढे झाले होते, तोंड उघडं होतं, आणि पाय निघत नव्हते. सदतीस वर्षांचा माणूस, अर्ध्या जिल्ह्याला इंग्रजी शिकवलेला, आणि तोंडावर तो सात वर्षांचा पोर. देवमनचा पाय निदान लोकांना दिसत तरी होता. आपण केलेलं लंगडेपण भागीरथाने आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, आणि तिथेच, पाण्यातच, तिला रडू आलं.

ती पोहत परत आली. उथळ पाण्यात उभी राहिली. दोघांमध्ये चार हातांचं अंतर.

"तुले पोवता येते," मास्तर म्हणाले.

"येते. लायनी होतो तवापासून."

"कोनं शिकवलं?"

"म्हशीनं."

सत्यवती काठावर फिसकन हसली. मग दोघांची तोंडं पाहून गप्प झाली.

"मंग हाडं?"

"हाडं साऱ्यायचे सारखेच असतात, बाबू. थे गोठ म्या बनवली होती."

मास्तर बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. शब्दाचा अर्थ लागेना की ते असेच पाहायचे. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "त्या दिवशी माह्या डोक्यावर हात होता तुहा. मी साऱ्यायले सांगतो. थो हात मले काढाले होता ना, माय?"

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड ‘हो’ मागत होतं. पोर खाऊ मागतं तसं मागत होतं. या एका ‘हो’वर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. नातीला तिने तो दिला होता, मुलालाही देता आला असता.

"पयले बुडवाले होता," ती म्हणाली. "काढाले मंग."

मास्तरांचा हात स्वतःच्या डोक्यावर गेला.

"चंद्रभान तुले बलावून राह्यला होता. तू जाणार होता. म्या देवमनचा पाय पायला होता. मले वाटलं, पाण्याले भेलं तं लेकरू जगन."

"जगलो," मास्तर म्हणाले.

मग म्हणाले, "छप्पन्नमंधी सांगाचं होतं, माय. तवा तरी. तवा मी जवान होतो. शिकलो असतो."

"हो."

"काहून नाई सांगितलं?"

"तू मले लय मोठं करून ठेवलं होतं. मले थे सोडवलं नाई." ती म्हणाली. "चुकलं माहं. पोरीले जाऊ दे अमरावतीले. पोवाले बी."

मास्तरांनी मान हलवली. मग वळून ते काठावर गेले, जोडे काढले आणि त्यातलं पाणी ओतलं.

भागीरथा बाभळीच्या आड जाऊन कोरडं लुगडं नेसून आली. ओलं लुगडं तिने पिळलं. घरी असतं तर इंदूबाईने दुसरं टोक धरलं असतं; नऊवारी असंच वाळवायचं, दोघींनी दोन टोकं धरून वाऱ्यावर. पोरगी काठाशी पाण्यात हात घालून बसली होती, मनगट बुडवून पुन्हा वर काढून पाहत होती. भागीरथाने तिला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर उठून आले. त्यांनी दुसरं टोक हातात घेतलं आणि मागे मागे सरकत, वाळूत पाय रोवून उभे राहिले.

मधे सगळं लुगडं पसरलं. गरम वारा आला तसं ते फुगलं, आणि तिला मुलाचं तोंड दिसेनासं झालं. वारा पडला तसं खाली आलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. टोकाकडे पाहत होता.

वैशाखाच्या उन्हात लुगडं वाळायला वेळ लागत नाही. आधी काठ वाळले, मग अंग. वाळलं की एकाने पुढे यायचं, टोक टोकाला लावायचं आणि घडी करायची, अशी रीत. भागीरथा वाट पाहत राहिली. ओढायची तिची हिंमत नव्हती. लुगडं केव्हाच कडकडीत वाळलं होतं. तो पुढे आला नाही, पण टोकही त्याने सोडलं नाही.